फर्मागुडीची खानावळ आणि जुलैची मासळी : पार्श्वभूमी

मुलांच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी गोव्यात फोंड्याजवळच्या फर्मागुडीला येणारे पालक बहुतेक जून-जुलैत येतात. कोल्हापूर, पुणे, बेळगाव कुठूनही आलेले असोत, कागदपत्रे आणि वसतिगृहाचे काम उरकले की फोंड्यात उतरून पहिली चौकशी करतात ती मासळीच्या थाळीची. गोव्यात मासळी मागायला याहून वाईट वेळ नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तरीही खानावळीत थाळी मिळते. तिच्यातला मासा आला कुठून, या प्रश्नाने २०१८ साली सगळा गोवा ढवळून निघाला होता. फोंड्यातल्या बाहेरच्या जेवणाची आजची घडी त्या वर्षाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्याआधीचे थोडक्यात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी या पट्ट्यात परगावच्या माणसाची जेवणाची सोय पूर्वी देवळांच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासात होई. आधी सांगून ठेवायचे आणि पंगतीत बसायचे. जेवण अर्थातच शाकाहारी. सोमवार पाळणे हे इथल्या हिंदू घरांत अजून इतके मुरलेले आहे की त्या दिवशी मासळीच्या खानावळीतही गिऱ्हाईक रोडावते. नवखा विद्यार्थी पहिल्या सोमवारी चक्रावतो, दुसऱ्या सोमवारी खतखते (मिश्र भाज्यांचे कालवण) मागवतो.

फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७चे. पण नुसत्या विद्यार्थ्यांच्या जिवावर फोंड्यातली हॉटेले उभी राहिली, असे म्हणणे अर्धवट ठरेल. पणजी-बेळगाव हमरस्ता आणि उसगाव-धारबांदोड्याकडून धावणारे खनिजाचे ट्रक यांनी त्यांना रोजचे गिऱ्हाईक दिले. ड्रायव्हरला भरपेट शीत-कडी (भात आणि माशाचे कालवण) लागे, विद्यार्थ्याला स्वस्त पातळ भाजी-पाव आणि संध्याकाळी गाड्यावरचे रस आमलेट (रश्शात वाढलेले आमलेट). २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये थोड्या चालल्या आणि मार्च २०१८मध्ये पुन्हा बंद पडल्या, तेव्हा तिस्कच्या बाजूच्या कित्येक खानावळींचे दुपारचे गिऱ्हाईक तुटले. फर्मागुडीची बाजू तेवढी कोसळली नाही, कारण २०१० आणि २०१६ साली दोन केंद्रीय तंत्रशिक्षण संस्थांचे वर्ग तिथेच सुरू झाले होते. त्यांतली पहिली आता कुंकळ्ळीला गेली. दुसरी कायमच्या जागेचे घोंगडे भिजत पडल्याने अजून तिथेच आहे. या संस्थांमुळे देशभरची मुले आली आणि पाठोपाठ गाड्यांवर फ्राईड राईस, मोमो, छोले असे पदार्थ वाढले.

आता २०१८. १२ जुलैच्या पहाटे मडगावच्या घाऊक मासळी बाजारात परराज्यांतून आलेल्या ट्रकांतल्या मासळीची जागेवरच चाचणी झाली आणि काही नमुन्यांत फॉर्मेलिन असल्याचे दिसले. फॉर्मेलिन म्हणजे प्रेते टिकवायला वापरतात ते फॉर्मल्डिहाइडचे द्रावण. बातमी वाऱ्यासारखी पसरली. मग प्रयोगशाळेच्या हवाल्याने जाहीर करण्यात आले, की प्रमाण ‘परवानगीच्या मर्यादेत’ आहे.

सगळा घोळ या दोन शब्दांनी घातला. माशाला फॉर्मेलिन लावायला परवानगीच नाही, तर मर्यादा कसली? लोकांचा हा सवाल अगदी रास्त होता. त्याला उत्तरही होते. मासा मेल्यावर त्याच्या अंगातच थोडे फॉर्मल्डिहाइड तयार होते, काही जातींत ते बरेच जास्त असते. चाचणीत फॉर्मल्डिहाइड सापडले म्हणजे कोणी ते लावलेच असा अर्थ होत नाही, म्हणून प्रमाण पाहावे लागते. मर्यादा बोलायची ती या नैसर्गिक अंशाची, लावलेल्या द्रव्याची नव्हे. एवढे चार वाक्यांत पहिल्याच दिवशी सांगता आले असते. सांगितले गेले नाही, आणि सकाळची चाचणी व नंतरचा अहवाल यांच्यामध्ये कुठेतरी पाणी मुरते आहे, ही शंका घट्ट बसली. अखेर १८ जुलैला महिनाअखेरपर्यंत बाहेरच्या मासळीवर बंदी आली. म्हणजे स्थानिक बोटी किनाऱ्यावर आणि बाहेरचे ट्रक सीमेवर. प्रवेशाच्या ऐन हंगामात खानावळींच्या थाळीत सोलकढी, भाजी आणि फार तर सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर उरली. बंदीनंतर विधानसभेतही गदारोळ झाला.

पुढचा टप्पा जास्त वादाचा. पावसाळ्यानंतर मासळी आणणाऱ्या गाड्या उष्णतारोधक हव्यात आणि व्यापाऱ्यांची अन्न प्रशासनाकडे नोंदणी हवी, असा दंडक आला. नोव्हेंबरात तर सहा महिन्यांच्या बंदीची घोषणा झाली. नियम कागदावर चुकीचा नव्हता. पण संशय होता तो आंध्र-ओडिशासारख्या लांबच्या किनाऱ्यांवरून दिवसेंदिवस प्रवास करून येणाऱ्या मालावर, आणि त्याच दंडकात सापडले मालवण-कारवारहून काही तासांत बर्फ घालून येणारे टेंपो. सिंधुदुर्गातून त्याबद्दल तिखट प्रतिक्रिया उमटल्या, त्या समजण्यासारख्या होत्या. मोठ्या व्यापाऱ्याला गाडी बदलणे परवडते. दिवसाला दोन पाट्या बांगडे घेणाऱ्या खानावळवालीला मात्र पुरवठादारच बदलावा लागतो, तोही उधारी बंद करून. या निर्णयाचे श्रेय घेणारे बरेच होते, खानावळवालीचा हिशेब कोणी मांडला नाही.

त्यानंतर खानावळीत ‘मासळी खंयची?’ (मासळी कुठली?) हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. काही ठिकाणी तर तो विचारायच्या आधीच उत्तर मिळते. खाण्यावरच्या बंदीची चर्चा पुन्हा झाली ती २०२४च्या सुरुवातीला. म्हापशात गोबी मंच्युरियनवर बंदीचा निर्णय झाला, तेव्हा कृत्रिम रंग आणि अस्वच्छता ही कारणे पुढे आली. देशभर हसू झाले. फोंड्याच्या गाड्यांवर गोबी मिळत राहिली. पोरांनी ती सोडण्याचे काही कारणही नव्हते.

जुलैत येणाऱ्याला खाण्यासारखे फोंड्यात काही नसते, असे मात्र नाही. बंदी यांत्रिक बोटींना आहे, नदीला नाही. झुवारी-मांडवीच्या खाड्यांतले शेवटे, काळुंद्रां, तिसऱ्या याच दिवसांत ताटात येतात. बाजारात ताळकिळ्याच्या (टाकळ्याच्या) जुड्या असतात. आणि पावसाने जरा उघडीप दिली की खांडेपार-उसगावच्या रस्त्याकडेला रानातली अळमी (अळंबी) पानात बांधून, नग मोजून विकायला बसतात. त्यांचा भाव ऐकून पालक गाडीकडे परत वळतात. अळम्यांची शागुती (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा) करून खाल्लेली माणसे मात्र वळत नाहीत, घासाघीस करत तिथेच उभी राहतात.