नव्या ‘आर’मध्ये जुनी पॅकेजं: फोल्डर नको, यादी न्या

सांख्यिकीच्या ‘आर’ या प्रोग्रॅमिंग भाषेत ४.४ वरून ४.५ वर गेलं की रोजच्या वापरातलं पॅकेजही (तयार फंक्शन्सचा संच) सापडत नाही म्हणून तक्रार येते. पॅकेजं पुसली गेलेली नसतात. आवृत्तीच्या पहिल्या दोन आकड्यांनुसार आर वेगळं लायब्ररी फोल्डर वापरते, आणि नव्या आवृत्तीचं फोल्डर रिकामं असतं. ४.४.१ वरून ४.४.३ वर जाताना हा प्रश्नच येत नाही. फोल्डर कुठे आहे ते .लिबपाथ्स() सांगते.

मग जुन्या फोल्डरमधलं सगळं नव्यात कॉपी करायचा मोह होतो. कधीकधी ते चालतंही, हाच खरा धोका. सी, सी++ किंवा फोरट्रानमधला भाग इन्स्टॉल करतानाच त्या वेळच्या आरसाठी कंपाइल (यंत्राच्या भाषेत रूपांतरित) झालेला असतो. नव्या आरमध्ये तो ऐन हिशेबाच्या मध्यात कोसळू शकतो. २०२० साली ४.०.० आली, तेव्हा तर प्रत्येक पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करणं भागच होतं.

म्हणून न्यायची ती फक्त नावं. जुन्या आरमध्ये इन्स्टॉल्ड.पॅकेजेस() चालवा आणि ‘प्रायॉरिटी’ रकाना रिकामा असलेल्या ओळी सेव्हआरडीएस() ने जपून ठेवा. बाकीची १४ बेस आणि १५ शिफारस केलेली पॅकेजं बहुतेक ठिकाणी आरबरोबरच येतात. नव्या आरमध्ये यादी वाचा, सेटडिफ() ने आधीपासून असलेली वगळा, उरलेली इन्स्टॉल.पॅकेजेस() ला द्या.

यातून सुटतात ती क्रॅनबाहेरची, म्हणजे आरच्या मुख्य पॅकेज-भांडाराबाहेरची. बायोकंडक्टर या जीवशास्त्रीय पॅकेजांच्या भांडाराची आवृत्ती आरच्या आवृत्तीशी बांधलेली असते, तेव्हा ती पॅकेजं बायोकमॅनेजर या त्याच्याच इन्स्टॉल करणाऱ्या पॅकेजमार्फतच घ्या. गिटहबवरून घेतलेल्यांचा पत्ता मात्र यादीत आपोआप येत नाही. यादी करतानाच इन्स्टॉल्ड.पॅकेजेस() च्या ‘फील्ड्स’मध्ये रिमोटयूजरनेम आणि रिमोटरेपो मागून घ्या, नाहीतर नुसत्या नावावरून मूळ शोधत बसावं लागतं.

लिनक्सवर बहुधा सगळं सोर्समधून (मूळ कोडमधून) कंपाइल होतं. नकाशांच्या ‘एसएफ’ पॅकेजला जीडॅल, जिऑस आणि प्रोज या बाहेरच्या लायब्ररी लागतात, इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या ‘कर्ल’ला लिबकर्ल लायब्ररीच्या हेडर फाइल. एक अडलं की त्यावर अवलंबून असलेली दहा अडतात. वाचायची ती पहिली चूक, शेवटची नव्हे. विंडोजवर सोर्समधून काही घ्यायचं असेल, तर ४.५ साठी आरटूल्स४५ हा कंपाइलरचा संचच हवा.

या मार्गाने मिळतात त्या पॅकेजांच्या ताज्या आवृत्त्या. जुन्या प्रकल्पाचे आकडे जसेच्या तसे यायला हवे असतील, तर जुन्या आरमध्येच ‘आरएन्व्ह’ या पॅकेजने स्नॅपशॉट (पॅकेजांच्या आवृत्त्यांची नोंद) घ्या आणि तो प्रकल्प शक्यतो त्याच आरवर चालू ठेवा. स्नॅपशॉटची लॉकफाइल आरची आवृत्ती नोंदवते, पण इन्स्टॉल करत नाही.