प्लाक गेला, पण आठवण?

'औषधामुळे अल्झायमर 22 टक्क्यांनी मंदावला' हे वाचून कुणालाही हायसं वाटेल. पण अ‍ॅड्युकॅनुमॅब या औषधाचे हे 22 टक्के नेमके कशाचे, ते बघायला हवं.

चाचणीत आजार मोजायला 18 गुणांची पट्टी होती. स्मरण, स्थळकाळाचं भान, निर्णयक्षमता, बाहेरचा वावर, घर आणि छंद, स्वतःची निगा अशी सहा सदरं, प्रत्येकी शून्य ते 3 गुण. पेशंटशी आणि घरच्यांशी बोलून हे गुण ठरतात. जितके जास्त, तितकी अवस्था वाईट. 78 आठवड्यांत नकली औषधवाल्यांचे गुण सरासरी 1.74 ने वाढले, मोठ्या डोसवाल्यांचे 1.35 ने. फरक 0.39, म्हणजे 1.74 चे 22 टक्के. गणित बरोबर आहे. पण एकेका पेशंटला गुण देताना या पट्टीवरची सगळ्यात छोटी पायरीच अर्ध्या गुणाची असते! आई आता गॅस आठवणीने बंद करते की नाही, हे 0.39 वरून घरच्यांना काय कळणार?

त्यातही ही झाली एकच चाचणी. अगदी तशीच दुसरी चाचणी समांतर चालू होती. तिच्यात नकली औषधवाले 1.56 ने घसरले, मोठ्या डोसवाले 1.59 ने. बायोजेन कंपनीने मार्च 2019 मध्ये, यश मिळण्याची शक्यता नाही म्हणून, दोन्ही चाचण्या थांबवल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये आणखी आकडे आल्यावर तिने पवित्रा बदलला: दुसऱ्या चाचणीत पुरेसा डोस कमी जणांना मिळाला, म्हणून ती फसली. असेलही. पण निकालानंतर सुचलेलं कारण नव्या चाचणीत तपासावं लागतं.

नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, सल्लागार समितीला विचारलं, पहिली चाचणी हा गुणकारीपणाचा मुख्य पुरावा मानायचा का? 11 पैकी 10 जण 'नाही' म्हणाले, एकाने ठाम मत दिलं नाही. तरीही 7 जून 2021 ला मंजुरी मिळाली, तीही वेगळ्याच दाराने. औषधाने मेंदूतला अमायलॉइड प्लाक, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणारे प्रथिनाचे थर, कमी होतो, त्याअर्थी पेशंटला फायदा होण्याची शक्यता आहे, असा एफडीएचा युक्तिवाद होता. प्लाक खरोखरच घटत होता, स्कॅनवर दिसत होतं. समितीतल्या तिघांनी राजीनामे दिले.

त्यांची चिडचिड समजण्यासारखी आहे, कारण पेशंटचा फायदा न मोजता स्कॅनवरच्या अशा खुणेवर विसंबण्याची किंमत वैद्यकाने आधी मोजली होती. 1980 च्या दशकात हार्ट अटॅकनंतर हृदयाचे अनियमित ठोके दाबायला एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड देत. ठोके ताळ्यावर येत, ईसीजी छान दिसे. मग एका मोठ्या चाचणीत मृत्यू मोजले: नकली गोळी घेणाऱ्या 743 जणांत 26, खरी गोळी घेणाऱ्या 755 जणांत 63.

अ‍ॅड्युकॅनुमॅबच्या मोठ्या डोसवर सुमारे 35 टक्के पेशंटच्या एमआरआयमध्ये मेंदूला सूज आढळली. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, काहींना जाणवला. युरोपीय नियामकांनी औषध नाकारलं. एफडीएने मात्र फायदा सिद्ध करणारी नवी चाचणी पुरी करायला कंपनीला सुमारे 9 वर्षं दिली होती. जानेवारी 2024 मध्ये बायोजेनने औषध बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ती चाचणीही अर्ध्यावर सोडली.