मारियो कार्टमध्ये कार्ट आलं कुठून?

कोल्हापूरला गाड्यांचा नाद जुनाच. इथल्या मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या शर्यतीच्या गाड्यांच्या, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. इंजिनिअरिंगची पोरं स्पर्धेसाठी कार्ट बांधायला घेतात, तेव्हा वेल्डिंग-टर्निंगसाठी कारखान्यांचं उद्यमनगर गाठतात. त्यांतल्या अनेकांनी त्याआधी कार्ट पळवलेलं असतं ते मोबाइलवर, 'मारियो कार्ट टूर'मध्ये. तीस वर्षांहून जास्त चाललेल्या 'मारियो कार्ट' या व्हिडिओ गेमच्या मालिकेत कार्ट आलं, ते मात्र गाड्यांच्या वेडातून नव्हे. मशीनची ताकद पुरेना म्हणून आलं.

जपानी गेम कंपनी निन्टेंडोचा 'एफ-झीरो' हा शर्यतीचा खेळ १९९० साली आला. वेग अफाट, पण खेळायचं एकट्यानंच. पुढचा खेळ दोघांचा हवा, असं ठरलं. निर्माते शिगेरू मियामोतो, दिग्दर्शक हिदेकी कोन्नो आणि तादाशी सुगियामा. दोघांना खेळवायचं तर पडदा मधोमध कापावा लागतो आणि मशीनला तोच रस्ता दोनदा काढावा लागतो. 'एफ-झीरो'चे लांबलचक सरळ रस्ते मशीनच्या ताकदीत बसेनात. मग आटोपशीर, वळणावळणाचे ट्रॅक आखले. अशा ट्रॅकला शोभणारी गाडी एकच, कार्ट! सुरुवातीला त्यात मारियो नव्हताच, डांगरी घातलेला कुणीतरी साधा ड्रायव्हर होता. मारियो नंतर बसवला आणि रस्त्यावर टाकायच्या तेलाच्या डब्यांची केळीची सालं झाली. रस्ता फिरवण्याचं गणित जड होतं, म्हणून कॅसेटमध्येच जादा चिप घातली. 'सुपर मारियो कार्ट' २७ ऑगस्ट १९९२ रोजी जपानमध्ये बाजारात आला.

आपल्याकडे त्या काळात टीव्हीला जोडायचे ते ८-बिट नकली गेम. कॅसेटमध्ये मारियो असायचा, पण हा खेळ १६-बिट मशीनचा, त्यावर चालणंच शक्य नव्हतं. त्यामुळे एका अख्ख्या पिढीला मारियो पाठ, त्याचं कार्ट ठाऊक नाही.

वळणाचं तंत्र मला सगळ्यात मोलाचं वाटतं. खऱ्या कार्टला डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारी यंत्रणा, नसते; मागची दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर. वळताना आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच गाडी वळते, नाहीतर सरळ ढकलत जाते. खेळात बटण दाबलं की कार्ट टुणकन उडी मारतं आणि घसरत वळण घेतं. भौतिकशास्त्र वेगळं, पण गाडीचं अंग सोडून वळण साधायची मजा तीच.

१९९६ च्या 'मारियो कार्ट ६४'नं चौघांना एका टीव्हीसमोर बसवलं आणि पहिल्याला गाठणारं काटेरी निळं कवच आणलं. मागे पडलेल्याला जास्त ताकदीची हत्यारं मिळतात, यावर कसलेले खेळाडू चिडतात. मला तो नियम मनापासून पटतो. त्याच्यामुळेच घरातली धाकटी बहीणसुद्धा शेवटच्या वळणापर्यंत शर्यतीत असते.

पुढचा प्रवास झपाट्याचा: २००५ च्या 'मारियो कार्ट डीएस'मध्ये ऑनलाइन शर्यत, २००८ च्या 'मारियो कार्ट वी'मध्ये मोटरसायकली, २०११ मध्ये हवेत तरंगायला ग्लायडर, २०१४ च्या आठव्या भागात भिंतीवरून धावणारे रस्ते. त्याच भागाची २०१७ ची 'डिलक्स' आवृत्ती सहा कोटींहून जास्त खपली. २०१९ चा 'टूर' फोनवर आला, तेव्हा कन्सोल, म्हणजे खास गेमचं मशीन, न घेताही हे कार्ट हाती लागलं. जून २०२५ च्या 'मारियो कार्ट वर्ल्ड'मध्ये २४ गाड्या एकाच वेळी पळतात आणि एका टीव्हीवर अजूनही चौघं शेजारी बसून खेळू शकतात.