एनिॲकच्या आधी कोण? पहिल्या संगणकाच्या वादाची पार्श्वभूमी

जगातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक कोणता, या प्रश्नाला अनेक वर्षं एकच उत्तर ठरलेलं होतं: एनिॲक. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी तो उभा केला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये तो जगाला कळला. सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब (विजेचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या काचेच्या नळ्या), ३० टन वजन, सेकंदाला ५ हजार बेरजा. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हे उत्तर अजूनही भेटतं. ते सरसकट चूक नाही, पण १९७०च्या दशकात त्याला दोन जबर धक्के बसले. एक न्यायालयातून, दुसरा ब्रिटिश सरकारच्या गुप्त कागदांतून.

पहिल्या धक्क्याचं मूळ अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आहे. तिथल्या स्टेट कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे जॉन अटॅनासॉफ एकसामयिक समीकरणांच्या कंटाळवाण्या आकडेमोडीला वैतागले होते. त्यांनीच पुढे सांगितलं त्याप्रमाणे, १९३७-३८ च्या हिवाळ्यातल्या एका रात्री ते गाडी काढून सुसाट निघाले, मिसिसिपी नदी ओलांडून इलिनॉयमधल्या एका दारूच्या अड्ड्यावर थांबले आणि तिथे यंत्राचा आराखडा डोक्यात बसला. दशमान पद्धतीऐवजी फक्त ० आणि १ वापरणारी द्विमान, यांत्रिक चाकांऐवजी व्हॅक्यूम ट्यूब आणि आकडे साठवायला फिरत्या ड्रमवरचे कपॅसिटर. कपॅसिटरमधला विद्युतभार गळतो, म्हणून प्रत्येक फेरीत तो पुन्हा भरायचा. आजच्या संगणकांतली डीरॅम मेमरी याच तत्त्वावर चालते, हे कळलं की त्या रात्रीचा किस्सा थोडा सजवलेला असला तरी माफ करावासा वाटतो.

क्लिफर्ड बेरी या विद्यार्थ्याच्या मदतीने १९३९ ते १९४२ या काळात यंत्र बऱ्याच अंशी बांधून झालं. ते फक्त समीकरणं सोडवू शकत होतं. त्याला दुसरं काम सांगायची सोय नव्हती. शिवाय कार्डांवर ठिणगीने भोकं पाडून मधली उत्तरं नोंदवायची पद्धत दगा द्यायची, म्हणून मोठी गणितं बिनचूक तडीस जात नव्हती. मग युद्ध आलं, अटॅनासॉफ नौदलाच्या कामाला गेले, यंत्र तळघरात पडून राहिलं आणि पुढे मोडीत निघालं. कॉलेजकडून पेटंटसाठी अर्ज व्हायचा होता, तो कधी झालाच नाही.

मात्र जून १९४१ मध्ये एक पाहुणा काही दिवस अटॅनासॉफ यांच्या घरी राहून ते यंत्र पाहून गेला होता. तो पाहुणा म्हणजे जॉन मॉकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॉकलींनी पत्र लिहून विचारलं होतं की, तुमच्या यंत्रातली काही वैशिष्ट्यं घेऊन मी एखादा संगणक बांधला तर तुमची हरकत आहे का? हे पत्र तीस वर्षांनी त्यांच्याच अंगाशी आलं.

एनिॲकच्या पेटंटचा अर्ज १९४७ मध्ये झाला आणि पेटंट मिळालं १९६४ मध्ये. तोवर त्याचे हक्क स्पेरी रँड कंपनीकडे आले होते. संगणक बनवणाऱ्या इतरांकडून ती रॉयल्टी मागू लागली तेव्हा हनीवेल कंपनी न्यायालयात गेली. मिनियापोलिसचे न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी १९ ऑक्टोबर १९७३ ला पेटंट रद्द ठरवलं. स्वयंचलित इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणकाची मूळ कल्पना एकर्ट-मॉकलींची नसून अटॅनासॉफ यांच्याकडून आलेली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी वॉटरगेट प्रकरणातल्या सरकारी वकिलाला हटवलं, आणि वर्तमानपत्रांत संगणकाला कोण विचारतो! स्पेरीने अपील केलं नाही. संगणकाची मूळ कल्पना सर्वांसाठी मोकळी झाली.

लोक या निकालाला इतिहासाचा अंतिम शब्द मानतात, ते मला पटत नाही. पेटंट रद्द होण्यामागे अटॅनासॉफ हे एकमेव कारण नव्हतं. अमेरिकी कायद्यानुसार शोध वापरात आल्यावर किंवा छापून आल्यावर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागे. एनिॲकवर डिसेंबर १९४५ मध्येच हायड्रोजन बॉम्बची गणितं सुरू झाली होती आणि गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांचा नव्या संगणकाविषयीचा मसुदाही त्याच वर्षी वाटला गेला होता. अर्ज उशिरा झाला, एवढंही पुरेसं होतं. शिवाय आयोवातलं एककामी यंत्र आणि तारा बदलून वेगवेगळी कामं करवून घेता येणारा एनिॲक यांच्यात फार मोठं अंतर आहे. त्या तारा नि स्विच जुळवण्याचं डोकेफोडीचं काम सहा महिलांनी केलं: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. त्यांची नावं निकालाच्या चर्चेतच काय, एनिॲकच्या कौतुकातही कित्येक दशकं नव्हती.

जर्मनीत कोनराड झूसे यांनी मे १९४१ मध्येच प्रोग्रॅमवर चालणारं झेड-३ दाखवलं होतं. ते रिलेवर, म्हणजे विजेने हलणाऱ्या यांत्रिक स्विचवर चालायचं, म्हणून इलेक्ट्रॉनिक म्हणता येत नाही. बॉम्बहल्ल्यात ते नष्ट झालं.

दुसरा धक्का ब्रिटनचा. टॉमी फ्लॉवर्स हे तिथल्या टपाल खात्याच्या डॉलिस हिल संशोधन केंद्रातले अभियंते. हजारो ट्यूब एकत्र लावल्या तर त्यांतली कोणती ना कोणती सतत जळत राहणार, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातून फ्लॉवर्स यांना ठाऊक होतं की ट्यूब जातात त्या बहुतेक चालू-बंद करताना. कायम चालू ठेवल्या तर त्या टिकतात. ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या संकेतफोड केंद्रातल्या शंकेखोरांना न जुमानता त्यांनी जर्मनांचे लॉरेंझ यंत्रावरचे सांकेतिक संदेश फोडायला कोलोसस बांधला. त्यात सुमारे १६०० ट्यूब होत्या आणि १९४४ च्या सुरुवातीला, म्हणजे एनिॲकच्या दोन वर्षं आधी, तो कामाला लागला. कागदी फितीवरची ५ हजार अक्षरं तो सेकंदाला वाचायचा. युद्ध संपेपर्यंत असे दहा चालू होते.

मग बहुतेक यंत्रं मोडली गेली. फ्लॉवर्स यांना आपले आराखडे भट्टीत टाकावे लागले आणि १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत याबद्दल अवाक्षर काढायची मुभा नव्हती. युद्धानंतर अशाच प्रकारचं यंत्र बांधायला त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडे कर्ज मागितलं, तर असलं यंत्र चालणारच नाही म्हणून ते नाकारलं गेलं. चालतं हे सांगायची त्यांना बंदी होती!

कागद जळले तरी माणसं होती. कोलोससचं काम ज्यांच्या विभागासाठी झालं ते गणितज्ञ मॅक्स न्यूमन युद्धानंतर मँचेस्टरला गेले आणि तिथे संगणकासाठी निधी उभा केला. तिथेच फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांच्या यंत्रावर २१ जून १९४८ ला मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालला.