नकोशा फोनांची वीस वर्षं: १९०९ या नंबरामागची गोष्ट

गिरगावात आमच्या घरी दुपारी दोन-अडीचला फोन वाजला की आई झोपेतून दचकून उठते. भाऊ पुण्याला, मी कामावर. कुणाला काही झालं तर नाही ना, एवढंच तिच्या मनात येतं. गुडघे सांभाळत ती फोनपर्यंत पोचते आणि पलीकडून आवाज येतो, ‘मॅडम, पर्सनल लोन की रिक्वायरमेंट है क्या?’ आई ऐंशीची आहे. तिचा नंबर डीएनडीत (‘डू नॉट डिस्टर्ब’, विक्रीचे फोन नको असलेल्यांची १९०९ वर नोंदवायची यादी) नोंदवून कित्येक वर्षं झाली. तरीही फोन येतात, आणि ते का येतात हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

१९९५ मध्ये मुंबईत मोबाइल आला तेव्हा असले फोन नव्हते. दर मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास होता आणि आलेल्या फोनचेही पैसे ज्याला फोन आला त्यालाच पडत. ज्यांच्याकडे मोबाइल होता ते नंबर फारसा कुणाला देत नसत. हे बदललं १ मे २००३ ला. फोन करणाऱ्यानेच पैसे भरायचे हा नियम आला आणि इनकमिंग फुकट झालं. त्याच सुमारास दर कोसळले, हँडसेट स्वस्त झाले. प्लंबर, टॅक्सीवाले, कोळीणबाई, सगळ्यांच्या हाती फोन आला. मिस्ड कॉल देण्याची आपली सवयही तेव्हाचीच. पण इनकमिंग फुकट झाल्यावर आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. अनोळखी माणसाने फोन केला तर ‘माझे पैसे जातायत’ म्हणून चिडण्याचं कारण उरलं नाही. जात होता तो फक्त आपला वेळ, आणि वेळेचं बिल कुणी पाठवत नाही.

क्रेडिट कार्डं आणि वैयक्तिक कर्जं घरोघर विकण्याचे ते दिवस होते. बँका स्वतः फोन करत नसत. ते काम डीएसएकडे, म्हणजे कमिशनवर ग्राहक आणून देणाऱ्या एजंटांकडे असे. त्यांच्या छोट्या ऑफिसांत विरार-कल्याणहून येणारी विशीतली मुलं-मुली नंबरांची यादी समोर ठेवून दिवसभर फोन लावत. त्यांच्यावर राग काढण्यात मला कधीच अर्थ वाटला नाही. टार्गेट पुरं झालं नाही तर पगाराला कात्री, ही त्यांची परिस्थिती. यादी कुठून यायची? मॉलमधल्या लकी ड्रॉच्या कुपनावरून, प्रदर्शनातल्या वहीतून, गाडीच्या शोरूममधून, कर्जाच्या अर्जावरून. आपणच कुठेतरी लिहिलेला नंबर हातोहात विकला जाई.

२००५ मध्ये हर्ष पाठक या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. नकोसे फोन म्हणजे खासगीपणावर आक्रमण, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डांबाबत जे नियम काढले, त्यांत ‘ज्यांना फोन नको त्यांची यादी ठेवा’ असं बँकांना सांगितलं. मात्र प्रत्येक बँकेची यादी वेगळी. दहा बँकांना दहा वेळा नको म्हणायचं.

देशभराची एकच यादी व्हायला २००७ उजाडलं. जूनमध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, नियम केले आणि ऑक्टोबरात राष्ट्रीय ‘डू नॉट कॉल’ नोंदणी सुरू झाली. नोंदवलेला नकार लागू व्हायला तेव्हा ४५ दिवस लागत. माझ्या मते पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ इथे आहे. जो गप्प बसला त्याला फोन चालतो, असं धरून ही व्यवस्था उभी राहिली. होकार मिळवण्याची जबाबदारी फोन करणाऱ्यावर नव्हती, नकार नोंदवण्याचं काम मात्र ग्राहकाच्या गळ्यात पडलं. ज्या आजी-आजोबांना मेसेज टाइप करता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

ही नोंदणी किती तोकडी होती ते २०१० च्या ऑगस्टमध्ये साऱ्या देशाने पाहिलं. खुद्द अर्थमंत्री प्रणव मुखर्जींना एका बैठकीत असताना गृहकर्ज विकणारा फोन आला. सामान्यांची पाच वर्षांची तक्रार एका फोनने दिल्लीत पोचली. १ डिसेंबर २०१० ला नवे नियम निघाले. अंमलबजावणी अनेकदा पुढे ढकलली गेली आणि अखेर २७ सप्टेंबर २०११ ला ते लागू झाले. आज आपण वापरतो ती बरीचशी चौकट तेव्हाची: विक्रीचे सगळेच फोन बंद करण्याची सोय, किंवा बँक, घरं, शिक्षण, आरोग्य अशा, तेव्हा सात, विषयांतून निवड. विक्रीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच आणि रात्री नऊ ते सकाळी नऊ बंद. नियम मोडणाऱ्या टेलिमार्केटरला तेव्हा २५ हजारांपासून अडीच लाखांपर्यंत दंड ठरला.

त्याच नियमांत एका सिमवरून दिवसाला शंभरच एसएमएस अशी मर्यादा आली, तीही घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. मंडळाच्या कार्यकर्त्यांना आरतीची वेळ कळवताना ती पहिल्याच आठवड्यात नडली. नोव्हेंबरमध्ये दोनशेची मुभा मिळाली.

१४० मुळे फोन ओळखता येऊ लागला आणि लोक तो उचलेनासे झाले. मग विकणाऱ्यांनी नोंदणी करणंच सोडलं. साधी दहा आकडी सिमकार्डं घेऊन फोन सुरू झाले. एक नंबर बंद केला की दुसरा तयार. दंड व्हायचा तो नोंदणी केलेल्यांना; न केलेल्याचं बहुतेकदा सिमच जायचं. ज्या बिल्डरचे फ्लॅट किंवा ज्या बँकेचं कर्ज विकलं जात होतं, त्यांच्या अंगाला फारसं काही लागत नव्हतं. नियम नंबराच्या मागे धावले, फायदा ज्याचा त्याच्या दारात फारसे गेले नाहीत.

१९ जुलै २०१८ च्या नियमांनी ब्लॉकचेनचा, म्हणजे गुपचूप बदलता न येणाऱ्या सामायिक नोंदवहीचा, मार्ग धरला. कंपनीने स्वतःची, मेसेज पाठवणाऱ्या नावाची आणि मेसेजच्या मजकुराचीही आधी नोंद करायची. जुळलं तरच मेसेज पुढे जाणार. ८ मार्च २०२१ ला ही तपासणी कडकपणे सुरू झाली आणि ओटीपीच अडकले, कारण असंख्य कंपन्यांनी मजकूर नोंदवलेलाच नव्हता. दुसऱ्याच दिवशी ट्रायला सात दिवसांची स्थगिती द्यावी लागली. पुढे मेसेजला बऱ्यापैकी शिस्त लागली. आवाजी फोनला मजकुराची तपासणी लावणार कशी? शिवाय धंदेवाईकांना सिमचीही गरज उरली नव्हती. पीआरआय किंवा एसआयपी ही ऑफिसांसाठीची जोडणी घेतली की एकाच ऑफिसातून एका वेळी कितीतरी फोन जातात. एका पीआरआयवर तीस.

२०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत बिगरनोंदणी टेलिमार्केटरांविरुद्ध ७.९ लाखांवर तक्रारी आल्या. १३ ऑगस्टला ट्रायने आदेश दिला: असा फोन सापडला तर त्या संस्थेच्या सगळ्याच जोडण्या तोडा आणि तिला दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका, इतर फोन कंपन्यांनीही तिला लाइन देऊ नये. काही आठवड्यांत पन्नास संस्था काळ्या यादीत गेल्या आणि पावणेतीन लाख नंबर बंद झाले. मला हा सगळ्या इतिहासातला खरा वळणाचा टप्पा वाटतो. इथे घाव एका सिमवर न पडता पूर्ण धंद्यावर पडला. बँका आणि वित्तसंस्थांच्या सेवेच्या फोनांसाठी १६०० ने सुरू होणारे नंबरही त्याच वर्षी ठरले.

१२ फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रार सोपी केली. डीएनडीत नाव नसलं तरी बिगरनोंदणी फोनची तक्रार करता येते. फोन आल्यावर तक्रार करण्याची मुदत तीन दिवसांची होती, ती सात झाली. फोन कंपनीला कारवाईसाठी तीस दिवस मिळत, आता पाच. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी फोन करणाऱ्यावर कारवाई होते. पहिल्या खेपेला पंधरा दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा सापडला तर वर्षभर सगळ्या जोडण्या बंद. तक्रारींचा हिशेब चुकीचा दाखवणाऱ्या फोन कंपनीला दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत दंड.

म्हणून एक-दोन तक्रारींवर थांबून चालत नाही. त्याच नंबराविरुद्ध वेगवेगळ्या माणसांनी पुढे यावं लागतं. आईच्या फोनशेजारी मी एक वही ठेवली आहे. नंबर, तारीख आणि काय विकत होते, एवढं ती लिहून ठेवते. तक्रारीला तेवढं पुरतं. रात्री जेवणं झाली की तिच्याच फोनवरून आम्ही तक्रारी नोंदवतो. शेजारच्या काकूंनीही आता वही घातली आहे, आणि त्यांच्या पानावरचे दोन नंबर आईच्या पानावरही आहेत.