ब्रदर्स इन आर्म्स

‘डायर स्ट्रेट्स’ या ब्रिटिश रॉक बँडचा पाचवा स्टुडिओ अल्बम. मे १९८५ मध्ये प्रकाशित. प्रकाशनाची तारीख बहुतेक ठिकाणी १३ मे अशी दिली जाते. काही नोंदींत १७ मे आढळते. प्रकाशक व्हर्टिगो, अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्स. निर्माते मार्क नॉफ्लर व नील डॉर्फ्समन. एकूण गाणी नऊ. जगभरातील खप तीन कोटी प्रतींच्या पुढे गेला, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

१९७७ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड भागात सुरू झालेला हा बँड पंकच्या गदारोळात शांत, बोटांनी छेडलेल्या गिटारच्या बळावर पुढे आला. गायक, गीतकार आणि मुख्य गिटारवादक नॉफ्लर (जन्म १९४९) बहुतेक वेळा नखी न वापरता अंगठा आणि दोन बोटांनी वाजवतो. १९८४ च्या अखेरीस ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा मूळ संचापैकी तो आणि बेसवादक जॉन इल्स्ली एवढे दोघेच उरले होते. त्यांच्यासोबत ॲलन क्लार्क व नवा आलेला गाय फ्लेचर हे कीबोर्डवादक आणि ड्रमवादक टेरी विल्यम्स होते.

ध्वनिमुद्रण मुख्यतः कॅरिबियनमधील माँटसेरात बेटावर, ‘बीटल्स’चे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी १९७९ मध्ये उभारलेल्या एअर स्टुडिओत झाले. उरलेले काम न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत पुरे करण्यात आले. माँटसेरातची खोली लहान होती. डॉर्फ्समन यांनी दिलेल्या वर्णनानुसार पियानो एका कोपऱ्यात कोंबला होता, हॅमंड ऑर्गनचा लेस्ली स्पीकर दोन दारांमधल्या चिंचोळ्या जागेत होता आणि बेसचा ॲम्प्लिफायर चक्क बाहेरच्या कपाटात. अल्बममध्ये ऐकू येणारा मोकळेपणा त्या खोलीचा नव्हे. तो वाद्यांच्या निवडीतून, मिक्सिंगमधून (वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवण्यातून) आणि वादकांनी जाणूनबुजून न वाजवलेल्या जागांतून आला आहे. अल्बमची खरी थोरवी या संयमात आहे. तरी त्याच्याविषयीचे लेखन तंत्राभोवतीच अधिक फिरते, आणि त्यातील काही दावे तपासून घ्यावे लागतात.

पहिला दावा ‘पहिला संपूर्ण डिजिटल रॉक अल्बम’ हा. तो टिकत नाही. अमेरिकन गिटारवादक राय कूडरचा डिजिटल ध्वनिमुद्रित अल्बम १९७९ मध्येच आला होता आणि अमेरिकन गायक डॉनल्ड फेगनचा १९८२ मध्ये. ‘ब्रदर्स इन आर्म्स’ सोनीच्या २४ ट्रॅकच्या डिजिटल यंत्रावर १६ बिटमध्ये मुद्रित झाला. मात्र मिक्सिंगचा कन्सोल (आवाज जुळवण्याचे यंत्र) ॲनालॉग, म्हणजे डिजिटल नसलेला, होता. त्या काळी सीडीवर ध्वनिमुद्रण, मिक्सिंग व मास्टरिंग (अंतिम प्रत तयार करणे) या तीन टप्प्यांसाठी तीन अक्षरी खूण छापत. ‘डी’ म्हणजे डिजिटल. या अल्बमवरील ‘डीडीडी’ या खुणेचा अर्थ एवढाच की प्रत्येक टप्प्याची टेप डिजिटल होती. मधली सारी वाट डिजिटल होती, असे त्यातून सिद्ध होत नाही. डिजिटल माध्यमाचा त्रासही झालाच. सदोष टेपमुळे मुद्रित झालेला काही भाग हातचा गेला आणि तो पुन्हा वाजवावा लागला.

सीडीच्या प्रसारातील वाटा मात्र निर्विवाद आहे. सीडी १९८२ मध्ये जपानात व पुढल्या वर्षी युरोपात बाजारात आली. हा अल्बम सीडीवर दहा लाखांचा टप्पा ओलांडणारा पहिला मानला जातो. बँडच्या दौऱ्याला सीडी विकसित करणाऱ्यांपैकी एक असलेल्या फिलिप्स कंपनीचे प्रायोजकत्व होते, ही गोष्टही येथे लक्षात घ्यायला हवी. सीडीवर हा अल्बम सुमारे ५५ मिनिटांचा आहे, मूळ एलपीवर (मोठ्या तबकडीवर) सुमारे ४७ मिनिटांचा. एलपीवर पहिल्या बाजूची गाणी कापून बसवली होती. ‘व्हाय वरी’ साडेआठ मिनिटांवरून साडेपाचाच्या आत आले, ‘मनी फॉर नथिंग’ सव्वा मिनिटाने आखूड झाले. ‘व्हाय वरी’मध्ये शब्द संपल्यावर गिटार आणि कीबोर्ड एकमेकांना उत्तर देत राहतात. गाण्याचा जीव तिथेच आहे आणि एलपीवर नेमका तोच भाग गेला.

दुसरा, अधिक गुंतागुंतीचा प्रश्न ‘मनी फॉर नथिंग’मधील गिटारच्या नादाचा. गाण्याच्या आरंभी उंच स्वरातली एक ओळ तरंगत येते, कीबोर्ड चढत जातात, ड्रम उसळतात आणि जवळपास दीड मिनिटाने एकटी गिटार येते : जाड, नाकातून बोलल्यासारखी. नॉफ्लरला ‘झीझी टॉप’ या अमेरिकन बँडच्या बिली गिबन्ससारखा नाद हवा होता, यावर फारसा मतभेद नाही. तो साधला कसा, यावर आहे. डॉर्फ्समन यांच्या सांगण्यानुसार गिब्सन लेस पॉल ज्युनियर गिटार लेनी कंपनीच्या ॲम्प्लिफायरला जोडली होती. मायक्रोफोन अजून नीट लावायचे होते : एक जमिनीकडे तोंड करून, दुसरा स्पीकरपासून जरा बाजूला. नियंत्रण कक्षात ऐकू आलेला आवाज इतका नेमका होता की मायक्रोफोन आहेत तसेच ठेवले गेले. दुसऱ्या मताप्रमाणे वाह पेडल (गिटारचा नाद बदलणारे, पायाने चालवायचे उपकरण) अर्धवट दाबून एका जागी अडकवले होते. गिटारविषयीही एकवाक्यता नाही. जानेवारी २०२४ मध्ये लंडनच्या क्रिस्टीजमधील लिलावात सुमारे ५ लाख ९२ हजार पौंडांना विकली गेलेली १९८३ ची लेस पॉल याच गाण्याच्या ध्वनिमुद्रणाशी जोडली जाते. एकाहून अधिक गिटार वापरल्या गेल्या असणे अशक्य नाही. पण मायक्रोफोनच्या जागांचा प्रत्यक्षदर्शी तपशील पाहता डॉर्फ्समन यांची हकिगत अधिक विश्वसनीय वाटते.

ड्रमचे श्रेयही असेच विभागलेले आहे. विल्यम्सचे वादन निर्मात्यांना या गाण्यांसाठी जुळेना, म्हणून जॅझमध्ये मुरलेल्या ओमार हकीमला बोलावण्यात आले. त्याने अवघ्या दोन दिवसांत बहुतेक सर्व भाग नव्याने वाजवला, असे सांगतात. ‘मनी फॉर नथिंग’च्या आरंभीची उसळी विल्यम्सचीच राहिली. श्रेयनामावलीत दोघांचीही नावे आहेत आणि दौऱ्यावर विल्यम्सच गेला.

याच गाण्याचे शब्द न्यूयॉर्कमधील घरगुती उपकरणांच्या दुकानात सुचले. मांडून ठेवलेल्या टीव्हींवर एमटीव्ही ही संगीतवाहिनी चालू होती आणि माल उचलणारा एक कामगार पडद्यावरच्या गायकांवर शेरे मारत होता. नॉफ्लरने कागद-पेन मागून घेऊन तिथेच ओळी उतरवल्या. गाणे त्या कामगाराच्या तोंडी आहे. त्यातील एका अपशब्दावरून कॅनडात २०११ मध्ये वाद उठला, तेव्हा हीच बाब चर्चेत राहिली. आरंभीची ओळ स्टिंग या गायकाने स्वतःच्याच एका जुन्या गाण्याच्या चालीवर म्हटली. त्याच्या प्रकाशकाने आग्रह धरल्यामुळे तो सहलेखक ठरला. स्टीव्ह बॅरनने दिग्दर्शित केलेली संगणकीय ॲनिमेशनची चित्रफीत तेव्हा नवलाची होती. ऑगस्ट १९८७ मध्ये एमटीव्ही युरोप सुरू झाले ते तिच्यानेच.

‘वॉक ऑफ लाइफ’ अल्बममध्ये नको, असे डॉर्फ्समन यांचे मत होते. ते फेटाळले गेले आणि गाणे ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. ‘युअर लेटेस्ट ट्रिक’मध्ये मायकेल ब्रेकरचा सॅक्सोफोन आणि रँडी ब्रेकरचा ट्रम्पेट आहे.

दुसऱ्या बाजूची चारपैकी तीन गाणी युद्धाची आहेत, आणि अल्बम सलग ऐकणाऱ्यालाच ही रचना जाणवते. ‘राइड अक्रॉस द रिव्हर’मध्ये बोलतो तो भाडोत्री सैनिक, ‘द मॅन्स टू स्ट्राँग’मध्ये अत्याचार करून म्हातारा झालेला अधिकारी. या गाण्यात वेष्टनावरचीच १९३७ ची नॅशनल कंपनीची धातूची गिटार वाजते. वेष्टनाचे छायाचित्र डेबोरा फाइनगोल्ड यांचे. ‘वन वर्ल्ड’ त्या मानाने फिके आहे.

शीर्षकगीताची पार्श्वभूमी ब्रिटन व अर्जेंटिना यांच्यातील १९८२ च्या फॉकलंड युद्धाची. शीर्षकातील शब्द नॉफ्लरच्या वडिलांच्या बोलण्यातून आल्याचे सांगितले जाते : सोव्हिएत रशियाने अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीची बाजू घ्यावी, यावरचा तो उपरोध होता. गाण्यात मात्र उपरोधाचा मागमूस नाही. रणांगणावर मरणारा सैनिक सोबत्यांचा निरोप घेतो. दूरवरचा गडगडाट, ऑर्गनचे लांब स्वर आणि त्यांवर लेस पॉलचे तोलून-मापून टाकलेले वाक्य. नॉफ्लर जवळजवळ बोलल्यासारखा गातो आणि प्रत्येक ओळीनंतर गिटार ते बोलणे पुढे नेते. द्रुत तानांची संधी असूनही त्याने ती घेतलेली नाही. रॉकमधील गिटारवादनात इतका कसदार संयम क्वचित ऐकायला मिळतो. २००७ मध्ये फॉकलंड युद्धाच्या पंचविसाव्या वर्षी माजी सैनिकांच्या मदतीसाठी त्याने हे गाणे पुन्हा मुद्रित केले.

ब्रिटनमधील संगीत-साप्ताहिकांनी अल्बमचे थंडच स्वागत केले होते. श्रोत्यांनी तो एकूण १४ आठवडे ब्रिटनमध्ये, ९ आठवडे अमेरिकेत आणि ३४ आठवडे ऑस्ट्रेलियात अग्रस्थानी ठेवला. उत्कृष्ट ध्वनिमुद्रणासाठी डॉर्फ्समन यांना ग्रॅमी मिळाले, १९८७ मध्ये अल्बमला ब्रिट पुरस्कारही. दौरा एप्रिल १९८५ मध्ये युगोस्लाव्हियातील स्प्लिट येथे सुरू होऊन वर्षभराने सिडनीत संपला. त्यात भारत नव्हता. नॉफ्लर मुंबई व बंगळूरला आला तो मार्च २००५ मध्ये, स्वतःच्या संचासह. माँटसेरातचा स्टुडिओ १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळात उद्ध्वस्त झाला.

आवृत्त्यांपैकी १९९६ चे मास्टरिंग बॉब लुडविग यांचे आहे. चक एन्ले यांनी केलेल्या २००५ च्या बहुवाहिनी मिक्सलाही ग्रॅमी मिळाले. त्यात वाद्ये श्रोत्याभोवती पसरतात आणि काही झाकलेले तपशील उघडे होतात. अभ्यासासाठी तो मोलाचा आहे, परंतु मूळ तोल समजून घ्यायचा तर १९८५ ची सीडीच ऐकावी : तिच्यातील आवाजाची पातळी कमी आहे, म्हणून आवाज वाढवून.