वाटाघाटींची इंग्रजी, इटालियन भाषकांची

वाटाघाटींची इंग्रजी, इटालियन भाषकांची : किंमत, मुदत, हमी, देयकाच्या अटी यांची बोलणी करताना इटलीतले व्यापारी, अभियंते आणि निर्यात विभागातले लोक वापरतात ती कामापुरती इंग्रजी. व्यावसायिक इंग्रजीचा एक भाग म्हणून ती शिकवली जाते. अशा बोलणीला इटालियनमध्ये ‘त्रात्तातीव्हा’ म्हणतात. समोर जर्मन, तुर्की किंवा जपानी ग्राहक असला तरी व्यवहार बहुधा इंग्रजीतच होतो. म्हणजे ती दोघांनाही परकी.

गंमत अशी की इंग्रजीतली व्यापारी परिभाषा इटालियनचीच मोठी ऋणाईत आहे. ‘बँकरप्ट’ हा ‘मोडलेला बाक’ या अर्थाच्या इटालियन शब्दांवरून आला, ‘मॅनेज’ हाही इटालियनमधूनच. लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटला उत्तर इटलीतून आलेल्या सावकारांचे नाव मिळाले. जमाखर्चाच्या दुहेरी नोंद पद्धतीचे इटालियन गणिती लुका पाचोलीने केलेले विवेचन १४९४ मध्ये व्हेनिसला छापले गेले. शिवाय दोन्ही भाषांत लॅटिन शब्दांचा भरणा. त्यामुळे इटालियन माणसाला इंग्रजी करारनामा वाचताना फारसे अडत नाही. तो अडतो बोलताना, आणि तेही ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपाशी.

सर्वांत महाग पडणारा शब्द ‘एव्हेन्तुआल्मेन्ते’. त्याचा अर्थ ‘वेळ पडलीच तर’. विक्रेत्याला म्हणायचे असते, ‘वेळ पडली तर किंमत थोडी कमी करता येईल’. तो म्हणतो, ‘इव्हेंच्युअली वी कॅन रिड्यूस द प्राइस’. ग्राहक ऐकतो, ‘शेवटी कमी करूच’. मग तो स्वस्थ बसून राहतो, आणि त्याचे काही चुकतही नाही. ‘प्रेतेन्देरे’ म्हणजे हक्काने मागणे. पण ‘वी प्रिटेंड पेमेंट इन थर्टी डेज’ म्हटले की पैसे मिळाल्याचे सोंग केल्यासारखे होते. उलट ‘दोमान्दारे’ म्हणजे साधे विचारणे, त्याचा ‘डिमांड’ झाला की विनंतीचा दम होतो. ‘अत्तुआल्मेन्ते’ म्हणजे सध्या, ‘अ‍ॅक्च्युअली’ नव्हे. ‘कोन्व्हेनियेन्ते’ किंमत म्हणजे परवडणारी, ‘सोयीची’ नव्हे. ‘वी आर अ‍ॅग्री’ ही चूक मात्र निरुपद्रवी; इटालियनमध्ये ‘सहमत असणे’ असा प्रयोग आहे, त्याचीच ही सावली, आणि अर्थ कोणाचाही चुकत नाही.

शब्दांनंतर येतो ‘इफ’. ‘इफ यू ऑर्डर फाइव्ह हंड्रेड, वी विल गिव्ह फाइव्ह पर्सेंट’ हा पक्का प्रस्ताव. ‘इफ यू ऑर्डर्ड… वी वुड गिव्ह’ ही नुसती चाचपणी. मराठीत ‘पाचशे घेतलेत तर पाच टक्के सोडू’ आणि ‘समजा पाचशे घेतलेत, तर पाच टक्के सोडता येतील’ यांत जो फरक, तोच हा. इटालियनमध्येही हा भेद क्रियापदाच्या रूपांनी अगदी स्पष्ट होतो, म्हणून समजण्याची अडचण नसते. बोलण्याच्या ओघात मात्र ‘इफ यू वुड ऑर्डर’ किंवा ‘इफ यू विल ऑर्डर’ तोंडून निघते आणि प्रस्ताव पक्का की कच्चा हे ऐकणाऱ्याला कळत नाही. शिकवणीत सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्यायला हवा. प्रत्यक्षात तो नम्र शब्दप्रयोगांच्या याद्या पाठ करण्यात जातो. त्यांतले ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ आणि ‘वी वुड नीड’ एवढे दोन जरी अंगवळणी पडले तरी थेट नकाराची धार पुष्कळ कमी होते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर अडचण अधिक खोल जाते. इटलीच्या १९४२ च्या नागरी संहितेतील कलम १३३७ प्रमाणे बोलणी चालू असतानाही सद्भावनेने वागणे बंधनकारक आहे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय) मात्र १९९२ मध्ये वॉलफर्ड विरुद्ध माइल्स खटल्यात, नुसता वाटाघाटी करण्याचा करार अंमलात आणता येत नाही, असा निर्णय दिला. ‘सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’ (रीतसर करार होईपर्यंत बंधन नाही) हे तीन शब्द लिहून इंग्रज पक्ष शेवटपर्यंत मोकळा राहू शकतो; इटालियन पक्षाला तो विश्वासघात वाटतो. ‘डिपॉझिट’चेही तसेच. इटालियनमधली ‘आक्कोन्तो’ ही नुसती आगाऊ रक्कम. ‘कापार्रा’ मात्र वेगळी : इटलीच्या त्याच संहितेच्या कलम १३८५ नुसार देणाऱ्याने करार मोडला तर घेणारा ती ठेवून घेऊ शकतो, घेणाऱ्याने मोडला तर दुप्पट परत मागता येते. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द वापरला की भांडणाची सोय झालीच.

बारामतीला पियाज्यो आणि रांजणगावला फियाट या इटालियन वाहन कंपन्यांचे कारखाने आल्यापासून मराठी माणसांचाही अशा इंग्रजीशी संबंध आला. तिथे नवा घोळ आकड्यांचा. इटलीत हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम देतात, म्हणून १.५०० म्हणजे दीड हजार. ‘मिलियार्दो’ म्हणजे इंग्रजी बिलियन, आपले शंभर कोटी. पण इटालियन ‘बिलियोने’ म्हणजे एक लाख कोटी.